कान्हेरीच्या डोंगरातील निवारा

दरवर्षी ६ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातून हजारो बंधुभगिनी दादरच्या चैत्यभूमीवर जातात. कुणी रेल्वेने, कुणी एस.टी.ने, कुणी वस्तीतून टेम्पो ठरवून. शिवाजी पार्कच्या मैदानावरील मंडपात रात्र काढायची, पहाटे रांगेत उभे राहायचे, बाबासाहेबांना अभिवादन करायचे, दुकानांतून एखादे पुस्तक आणि भिंतीवर लावायला तसबीर घ्यायची आणि परतीची गाडी धरायची, असा बहुतेकांचा क्रम असतो. एवढ्या लांब येऊन आणखी एक दिवस थांबलो तर काय पाहावे, असे बरेचजण विचारतात. त्यांना माझे एकच सांगणे असते. राणीचा बाग आणि गेटवे पुढच्या खेपेला पाहा. आधी कान्हेरीला जा.

कान्हेरी म्हणजे मुंबईच्याच पोटात, बोरिवलीच्या जंगलात असलेली बौद्ध लेणी. एकाच डोंगरावर शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. अजिंठा-वेरूळची नावे आपल्या मुलांना पाठ असतात. पण कान्हेरीला राहिलेली, चाललेली, पाणी प्यालेली माणसे आपल्या फार जवळची होती. हे ठिकाण भव्यतेसाठी प्रसिद्ध नाही. डोंगर चढून आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर, टेकायला ओटा आणि प्यायला पाणी मिळावे, एवढ्यासाठी ते घडवले गेले. आणि ते किती विचारपूर्वक घडवले, हे तिथे गेल्यावरच कळते.

वाट

मागे एकदा आमच्या वस्तीतील सोळाजण ७ डिसेंबरला कान्हेरीला गेलो. त्यात विडी कामगार मावश्या होत्या, मिलमध्ये साच्यावर आयुष्य घालवलेले एक मामा होते, चार शाळकरी मुले होती. दादरहून लोकलने बोरिवली. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडले की द्रुतगती महामार्गावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मोठे प्रवेशद्वार लागते. तिथून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता आहे. बसही जाते. पण थंडीचे दिवस, सकाळची वेळ आणि दोन्ही बाजूंना दाट झाडी. मावश्या म्हणाल्या, "चालतच जाऊ की, रोज काय बसूनच असतो आपण." मग सगळे चालत निघालो.

मुंबईत इतके मोठे रान असेल असे आमच्यातल्या कुणाला वाटले नव्हते. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत. ते इंग्रजांच्या काळात बांधले गेले, आजही मुंबईला पाणी देतात. रानात आदिवासी पाडे आहेत. बिबट्याही आहे, म्हणून अंधार पडल्यावर वाट सोडून फिरायचे नाही आणि लहान मुलांना मागेपुढे धावू द्यायचे नाही. माकडे मात्र दिवसाढवळ्या भेटतात. आमच्या भाकरीच्या फडक्यावर त्यांची नजर होती. त्यांना काही देऊ नये. दिले की ती अंगावर येतात.

रस्ता संपतो तिथून दगडी पायऱ्या सुरू होतात. तिकीट काढले, पायऱ्या चढलो आणि उजव्या हाताला मोठे चैत्यगृह दिसले. हे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे. आत चौतीस खांब आणि मध्ये स्तूप आहे. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या दोघा व्यापारी भावांनी ते करवून घेतले, असे तिथला लेख सांगतो. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना भगवान बुद्धांच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, बावीस-तेवीस फूट उंचीच्या. त्या नंतरच्या काळातल्या आहेत. मुले मान वर करून पाहत राहिली. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. खांबांमधून आवाज घुमून परत येत होता.

पण कान्हेरीची खरी ओळख या चैत्यगृहाच्या पुढे, डोंगर चढताना होते.

पावसाळ्याची सोय

भिक्खूंनी एका जागी न थांबता गावोगाव चालत राहावे, अशी सुरुवातीची रीत होती. पण पावसाळ्यातही ते चालू लागले तेव्हा लोक कुरकुरले. ओले गवत, कोवळी रोपे आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटे करून थांबतात, असे लोक म्हणाले. भगवंतांनी ते ऐकले आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. तोच आपला वर्षावास. राहण्यासाठी पाच प्रकारच्या जागांना त्यांनी मान्यता दिली. विहार त्यात पहिला आणि गुहा पाचवी.

सह्याद्री आणि कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला गुहेचे महत्त्व सांगावे लागत नाही. कुडाच्या झोपडीचा इथे आषाढात चिखल होतो. म्हणून कातळात खोल्या कोरल्या. कान्हेरीतील बहुतेक लेणी अगदी साधी आहेत. समोर लहानसे अंगण, मग दोन-चार खांबांची ओसरी, आत एक खोली आणि भिंतीला लागून निजायला दगडी ओटा. ओसरीतही बसायला बाक कोरलेला असतो. काही लेण्यांसमोर कातळात गोल खळगे दिसतात. त्यात लाकडी खांब रोवून पुढे मांडव घालत, म्हणजे पावसाची झड आत येत नसे. अकरा क्रमांकाचे लेणे मोठे आहे. त्याच्या मध्यभागी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन लांब, बुटके दगडी बाक आहेत. आपल्याकडे पंगत बसते तसे दोन्ही बाजूंना बसून अभ्यास करण्याची ही जागा असावी.

आमच्या मावश्यांनी त्या ओसरीत चटणी-भाकरी सोडली. थंडगार दगड, समोर रान, खाली दूरवर दिसणारी मुंबईची घरे. एक आजी म्हणाल्या, "बांधणाऱ्यानं पाठ टेकायची जागा बरोबर मोजलीया बघ."

पोढी

बहुतेक लेण्यांच्या अंगणात, एका बाजूला कातळात चौकोनी तोंडाचे टाके आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. वरच्या कातळावर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळीने या टाक्यात येते. पन्हाळी म्हणजे कातळात कोरलेली बारीक चर. पाणी वाया जाऊ नये, लेण्याच्या तोंडावरून धार पडू नये आणि टाके भरावे, ही तिन्ही कामे त्या एका चरीने होतात. बहुतेक घरांना स्वतंत्र टाके, पूर्ण डोंगरभर. ज्या सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे आठवड्यातून एक-दोनदाच नळाला पाणी पाहिले, घागरी आणि पिंपे भरून ठेवली, त्यांना ही व्यवस्था समजायला वेळ लागत नाही. डिसेंबरातही कित्येक टाक्यांत पाणी होते. अर्थात आज ते प्यायचे नाही, पिण्याचे पाणी सोबत न्यायचे.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याला बाबासाहेबांची लहानपणीची हकीगत आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात ते आणि घरातली इतर मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. दुप्पट भाड्याने मिळालेल्या बैलगाडीतून ती मुले निघाली. डब्यात जेवण भरपूर होते. पण पाणी कुणी दिले नाही, म्हणून जेवण तसेच राहिले. रात्र जकात नाक्यावर काढावी लागली. वडील त्या वेळी ज्या कामावर रोखपाल होते, ते काम दुष्काळग्रस्तांसाठी तलाव खोदण्याचे होते! पुढे १९३४ साली बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हा वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गदारोळ झाला. शेवटी कुठेही पाण्याला हात लावणार नाही, या अटीवर आणि हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. बॅरिस्टर झालेल्या, जगभर मान मिळालेल्या माणसाची ही कथा.

वाटसरूला छप्पर आणि पाणी ही साधी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रसंग वाचावेत. मग दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या पोढीच्या काठावर उभे राहावे.

देणारे कोण होते?

कान्हेरीत पन्नासहून अधिक शिलालेख आहेत. त्यातल्या दानलेखांत राजे कमी आणि कष्टकरी, व्यापारी जास्त आहेत. कल्याणचा एक सोनार, नाव सामिदत्त. त्याने पाण्याची पोढी दान दिली. कल्याणचाच एक लोहार होता, नाव नंद. त्याने वाट दान दिली. लेणे नाही, मूर्ती नाही, एक पायवाट! डोंगर चढणाऱ्याचे पाय घसरू नयेत, म्हणून ऐरण-हातोड्यावर कमावलेल्या पैशातून त्याने वाट करून दिली आणि ते दगडावर लिहून ठेवले गेले. प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रियांनीही लेणी आणि पोढी दान दिल्याचे लेख आहेत. आमच्यातल्या मुलींना हे मुद्दाम सांगितले.

दान कुणाला दिले, तेही लेखांत असते. 'चातुदिस' संघाला, म्हणजे चारी दिशांहून येणाऱ्या संघाला. अमुक गुरूच्या शिष्याला किंवा अमुक गावच्या माणसाला असे नाही. विनयातला शब्द तर आणखी सुंदर आहे: आलेल्या आणि अजून न आलेल्या संघासाठी. ज्याचे तोंडही आपण पाहणार नाही, त्याच्या रात्रीची सोय करून ठेवायची.

अशी सोय फक्त भिक्खूंसाठीच होती असेही नाही. कान्हेरीच्या उत्तरेला सोपारा बंदर होते, आजचे नालासोपारा. नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे चौसोपी विश्रामगृहे बांधली, विहिरी-तळी खोदली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि नदीच्या दोन्ही काठांवर थांबण्याच्या जागा व पाणपोया उभारल्या, असे तो लेख सांगतो. बंदरावर उतरलेला माल आणि माणसे कल्याणमार्गे घाट चढून वर देशावर जात. त्या वाटांवर ही लेणी आणि ही विश्रामगृहे होती.

व्याजाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस, त्यामुळे उषवदाताचा दुसरा एक लेख मला सगळ्यात जास्त आवडतो. त्याच लेण्यासाठी, ४२ व्या वर्षी, त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव ठेवली ती गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० च्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा-बारा, म्हणजे २४०. पैचाही फरक नाही! आणि हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून, रीतीप्रमाणे दप्तरात नोंदवला, असेही लिहिले आहे.

परत येताना गाडीत मी हे सांगितले, तेव्हा मिलमधले मामा ताठ बसले. म्हणाले, "म्हंजे राजाच्या जावयाचा पैसा विणकरांकडं ठेव होता? आमच्या सोलापुरात तर विणकर सावकाराच्या दारात." हसण्यावारी गेले, पण बोलणे खरे होते.

कान्हेरीतही अशा कायम ठेवींचे लेख आहेत. नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले लेख पाहिले तर विहाराची दुरुस्ती, भिक्खूंची वस्त्रे आणि पुस्तके यांसाठी रक्कम वेगवेगळी लावून दिलेली आढळते. दुरुस्तीचे खाते वेगळे! छप्पर उभे करणाऱ्याला ठाऊक होते की दगडसुद्धा झिजतो, पन्हाळी बुजते, टाक्यात गाळ बसतो. म्हणूनच इसवी सनापूर्वीपासून ते दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत, हजार वर्षांहून जास्त काळ हा डोंगर नांदता राहिला. पुढे देणारे संपले, ठेवी संपल्या आणि रानाने डोंगर घेतला. सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी प्रवासी इथे आले आणि त्यांनी नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरली. ते आज इतिहासाचे साधन आहे. पण म्हणून आपण भिंतीवर नाव कोरू नये. आज तो गुन्हा आहे आणि चांगल्या माणसाचे लक्षणही नाही.

पुन्हा डागडुजी

आज ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आहेत. रात्री राहण्यास मनाई आहे आणि ते योग्यच आहे. पण दिवसा चालून येणाऱ्यांचा हा आजही निवाराच आहे. रविवारी तरुण मुलामुलींचे गट पाठीला पिशव्या लावून येतात, त्याच ओसऱ्यांत टेकतात. अडचण होती ती सोयींची. हे ठिकाण जंगलाच्या गाभ्यात असल्याने तिथे वीज पोहोचलेली नाही आणि नळही नाही. राष्ट्रीय सांस्कृतिक निधीमार्फत इंडियन ऑईल फाउंडेशनने इथल्या जुन्या इमारतींची, म्हणजे प्रवाशांचा निवारा, राखणदारांची घरे आणि तिकीटघर यांची दुरुस्ती करून त्यांना नवे रूप दिले. विजेसाठी सौर यंत्रणा आणि पाण्यासाठी कूपनलिका केली. १६ मे २०२२ रोजी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, या सोयींचे उद्घाटन झाले.

नवे टोलेजंग बांधकाम न करता जंगलातली जुनी घरे सुधारून वाटसरूंच्या उपयोगी आणली, हे चांगलेच झाले. पण नंद लोहाराच्या डोंगरावर उभे राहून एक प्रश्न विचारायला हवा. पुढच्या वीस वर्षांच्या दुरुस्तीचे खाते कुठे आहे? सौर पट्ट्या पुसायच्या, पंप बिघडला तर दुरुस्त करायचा, संडास रोज धुवायचे, कचरा उचलायचा. उद्घाटनाची पाटी एकदाच लागते, झाडू रोज लागतो.

आपल्या वस्तीत काय?

हा प्रश्न सरकारला विचारावा तसा स्वतःलाही विचारावा. आपल्या वस्त्यांत लोकांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली आणि विहार बांधले. दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी लागते. पाच-दहा पावसाळे गेले की स्लॅब गळू लागतो, भिंतीला ओल येते, पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागते. मग पुन्हा पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरायचे. दरवेळी तेच कार्यकर्ते, तीच घरे. शेवटी लोकही कंटाळतात.

याला उपाय दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच लेण्यांत लिहून ठेवला आहे. विहारासाठी वर्गणी जमवताना तिचा दहावा भाग दुरुस्तीच्या नावाने वेगळा काढावा आणि संस्थेच्या नावावर मुदत ठेवीत ठेवावा. मुद्दलाला हात लावायचा नाही, असा ठराव सभेत करून वहीत लिहावा. एक लाखाची ठेव असेल आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला सात हजार रुपये होतात. तेवढ्यात पावसाळ्यापूर्वी गच्चीचे डांबर, भेगा बुजवणे आणि रंगसफेदी यांचा बराच भाग भागतो. हिशेब दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला फळ्यावर लावावा, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहणार नाही.

दुसरे असे की, ज्या विहाराला एखादी जादा खोली आहे, तिथे दहा चटया, दोन माठ आणि एक दिवा कायम ठेवावा. चैत्यभूमीला किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीला निघालेले, परीक्षेला आलेले, दवाखान्यात नातेवाईक असलेले, चालत निघालेले कुणीही रात्री दार वाजवले, तर त्याला जात, गाव, पक्ष, संघटना न विचारता जागा मिळावी. आलेल्या आणि अजून न आलेल्यांसाठी.

ज्यांना कान्हेरीला जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगून थांबतो. उद्यान सोमवारी बंद असते, म्हणून ७ डिसेंबर सोमवारी येत असेल तर बेत बदलावा. सकाळी लवकर पोहोचावे आणि दुपारी वेळेवर खाली उतरावे. पायात चप्पलऐवजी बूट असलेले बरे; पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. पाणी आणि भाकरी सोबत घ्यावी, प्लास्टिक नेऊ नये, नेलेले सगळे परत आणावे. म्हाताऱ्या माणसांनी बसने पायथ्यापर्यंत जावे आणि तिसरे लेणे पाहावे. ते फार वर नाही. मुलांना मात्र शेवटच्या पायरीपर्यंत न्यावे, पोढ्या मोजायला लावाव्यात आणि वाटेत त्या लोहाराचे नाव सांगावे.